पाच नंबरचा वारा

लिफ्ट बंद होती म्हणून बाई जिन्याने निघाल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दम खायला थांबल्या. नसत्या थांबल्या तर तो दिवस इतर दिवसांसारखाच गेला असता. वरच्या कठड्यापाशी दोन मुली बोलत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मी सांगते तुला, त्या पाच नंबरच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस." मग दोघी खुदखुदल्या, एक दार करकरलं आणि जिना पुन्हा गप्प झाला. बाईंनाही हसू आलं. आवाज त्यांनी ओळखला होता, शेंडेफळाचा. बाईंच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती आणि त्याआधीची ही शेवटची विद्यार्थिनी, म्हणून खात्यात सगळे तिला शेंडेफळ म्हणत. नाव बाईंनीच ठेवलं होतं, दोन वर्षांपूर्वी, कौतुकाच्या भरात. गेले तीन आठवडे ही मुलगी त्यांच्यासमोर हो आणि नाही यापलीकडे तोंड उघडत नव्हती, आणि इथे जिन्यात चक्क विनोद करत होती, तोही कामातला. कारण पाच नंबर म्हणजे त्यांच्या यादीतली पाचवी दीर्घिका. यादीत चोवीस दीर्घिका होत्या, प्रत्येकीच्या पोटात एकेक महाकाय कृष्णविवर, आणि चोवीसांत सगळ्यांत जोराचा वारा सुटला होता तो या पाचवीच्या मध्यातून.

वारा हा बाईंचा विषय. एकोणतीस वर्षं त्या एवढंच करत आल्या होत्या. कुणी पाहुणा विचारायचा, कृष्णविवर तर सगळं गिळतं ना, मग त्यातून वारा कसा येईल, आणि बाई खूश व्हायच्या, कारण हा प्रश्न त्यांना फार आवडायचा. गिळलेलं बाहेर येत नाही, त्या सांगायच्या. पण गिळायच्या आधी दारात जी झोंबाझोंबी होते ना, ती बघा. वायू विवराभोवती फिरत फिरत आत ओढला जातो, तापतो, इतका तापतो की त्याच्याच उजेडाच्या रेट्याने त्यातला काही भाग उलटा बाहेर फेकला जातो. तोच वारा. आणि दीर्घिकेच्या मानाने विवर केवढं, तर अख्ख्या देशात एक मोहरी. ही मोहरी फुंकर मारते आणि देशभरातली ढगांची बैठक मोडते, ज्या वायूचे नवे तारे व्हायचे तो वायू एकतर दीर्घिकेबाहेर हाकलला जातो, नाहीतर नुसता तापून बसतो. तापलेल्या वायूचा तारा होत नाही. तारा व्हायला वायू थंड लागतो, थंड आणि निवांत, तरच तो आपल्याच वजनाने जमत जमत गोळा होतो. हे शेवटचं वाक्य बाई फार हळू म्हणत, आणि सभागृह तेवढ्यापुरतं शांत होई. जिना चढता चढता त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं की पुढच्या व्याख्यानाची सुरुवात या मुलीच्या वाक्यानेच करायची. वाऱ्यालाही उभं राहू नये. वा. आपल्या भाषेत खगोलशास्त्राची इतकी सोय असेल असं त्यांना आजवर वाटलं नव्हतं.

खोलीचं दार उघडून बाईंनी सवयीने डावा हात भिंतीकडे नेला. एकवीस वर्षं ही खोली त्यांची होती, दिवा लागायच्या आधी पंखा लागायचा. पंख्याचं बटण गोल होतं, एक ते पाच आकड्यांचं. हात तिथे गेला आणि थबकला. एक, दोन, तीन, चार हे आकडे कोरे करकरीत होते, जणू काल छापलेले. पाचाचा आकडा बोटांनी पुसून पुसून जवळजवळ गेला होता. बाई त्या पुसट आकड्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे कान हळूहळू गरम झाले. पाच नंबर. दीर्घिका कसली. मुलं त्यांच्या खोलीत येताना कागद छातीशी का धरतात, शेंडेफळाच्या पिशवीत तो गुळगुळीत काळा दगड का असतो आणि टेबलापाशी बसल्याबरोबर ती तो कागदांवर का ठेवते, हे सगळं एकदम उकललं. बाईंना वाटायचं, पोरीला दगडांची आवड आहे. एकदा त्यांनी विचारलंही होतं, नदीतला का गं? आणि ती म्हणाली होती, हो, नदीतला.

पंखा न लावता बाई खुर्चीत बसल्या. आपल्याला एक टोपणनाव आहे याचं त्यांना एवढं वाईट वाटलं नाही. नाव सगळ्यांनाच असतं, त्यांच्या स्वतःच्या गाइडना मुलं 'चटका' म्हणत. टोचलं ते दुसरंच. त्या मुलीच्या आवाजात राग नव्हता. रस्त्यात खड्डा आहे, जपून जा, असं एखादी म्हणेल तितक्या साधेपणाने ती म्हणाली होती, आणि ऐकणारी खात्यात नुकतीच आलेली नवी मुलगी असणार. म्हणजे हे ज्ञान एका तुकडीकडून दुसरीकडे असंच जात असणार, वसतिगृहातला कुठला नळ गळतो या माहितीसारखं. टेबलावर एक कागद होता. कारकुनाने कालच ठेवला होता आणि बाईंनी काल त्यावर चहाचा कप ठेवला होता. मार्गदर्शक बदलून मिळण्याबाबत अर्ज. अर्जदार शेंडेफळ. कारण या रकान्यात एकच शब्द, वैयक्तिक. खाली सध्याच्या मार्गदर्शकाची सही, रिकामी. दारातून कारकून डोकावला. "बाई, तेवढी सही झाली का? चारला समितीची बैठक आहे. आजच्या बैठकीत गेला तर गेला, नाहीतर पुढच्या महिन्यात." बाई म्हणाल्या, "बघते." कारकुनाने एकदा वर पंख्याकडे पाहिलं, एकदा बाईंकडे. "बरं नाही का?" त्याने विचारलं.

तीन आठवड्यांपूर्वीची सोमवारची बैठक बाईंना आठवायची नव्हती, तरी ती आठवलीच. खोलीत आठ-नऊ जण होते. पाच नंबरच्या दीर्घिकेच्या कडेला थंड वायूचा एक मोठा ढग सापडला होता आणि तो सेकंदाला दोनशे किलोमीटरने बाहेर चालला होता. विवराचा वारा थेट दीर्घिकेच्या वेशीपर्यंत पोचतो आणि तिच्या ताऱ्यांचा कच्चा माल बाहेर ढकलतो, याचा इतका ठळक पुरावा बाईंना कधी मिळाला नव्हता. लेखाचा कणाच तो होता. लेख तयार होता. तेवढ्यात शेंडेफळाने हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि म्हणाली, "बाई, मला वाटतं तो ढग बाहेर जात नाहीये. मला वाटतं तो आत येतोय." बाईंना 'मला वाटतं' या शब्दांचा तिटकारा होता. त्यांनी विचारलं, तक्त्यात वेगाचं चिन्ह काय आहे? मुलगी म्हणाली, वजा. "वजा म्हणजे?" "म्हणजे... आपल्याकडे येणारा. पण या तक्त्यात मला वाटतं..." बाईंनी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. विवर आणि आपण यांच्यामध्ये ढग, तो आपल्याकडे येतोय म्हणजेच विवरापासून दूर जातोय, हे पहिल्या वर्षात शिकवतात. "वजा म्हणजे काय हे ज्याला कळत नाही," बाई सगळ्यांकडे बघत म्हणाल्या होत्या, "त्याने खुशाल शाळेत जाऊन यावं. आम्ही आठवडाभर थांबू." सगळे हसले. बाईंना आता आठवलं की हसू खोलीभर पसरायला थोडा वेळ लागला होता, आणि शेंडेफळ स्वतःही हसली होती. त्या हसण्यावरच बाई फसल्या. त्यांना वाटलं, घेतलं हिने बरोबर.

असं हसू त्यांनी यापूर्वी एकदा पाहिलं होतं. बाई तेव्हा बाई नव्हत्या, अकरा वर्षांची पोर होती, आणि घरात तिला चिमी म्हणत. घराच्या मागच्या खोलीत बाबांचं काम चालायचं. बाबा प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी करत: चंबू, वाकड्या नळ्या, एकात एक गुंतलेली कसलीकसली पात्रं. एका बाजूला निळी ज्योत भरभरायची, बाबांच्या तोंडात रबरी नळी असायची, नळीचं दुसरं टोक काचेला, आणि काच ज्योतीत गोल गोल फिरत मऊ व्हायची नि मग पोट काढायची. इतका अवाढव्य माणूस इतकं हलकं काहीतरी करतो याची चिमीला गंमत वाटे. फुंकायचं नसतं, ते दादाला सांगत, श्वास सोडायचा असतो. दादा तेव्हा एकोणीसचा, हाताखाली शिकत होता. बाबा काचेशी कधी जोरात बोलले नाहीत, तो सगळा जोर त्यांनी दादासाठी राखून ठेवला होता. एका औषधाच्या कारखान्याचं मोठं पात्र होतं. त्याला बाजूची नळी दादाने जोडली. पात्र सावकाश निवलं, गिऱ्हाईक आलं, बाबांनी ते उजेडात धरलं, आणि जोडावर टिच् असा आवाज झाला. एवढासाच, बोट मोडल्यासारखा. नळी गळून फरशीवर पडली. बाबा गिऱ्हाइकासमोर दादाला म्हणाले, "श्वासाला शिस्त नाही तुझ्या. काच नको फुंकूस, फुगे फुंक जत्रेत." गिऱ्हाईक हसलं. दादाही हसला. मग त्याने रबरी नळी खुंटीला टांगली, चपला घातल्या, आणि त्यानंतर तो त्या खोलीत गेला नाही. पंधराव्या दिवशी त्याने गावच सोडलं.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते दुसऱ्या दिवशीचं. चिमी बाबांचा चहा घेऊन दारात आली तेव्हा बाबा कालच्या त्या मोडक्या नळीचं टोक डोळ्याजवळ धरून बघत होते. मग त्यांनी फळीवरच्या कप्प्यातल्या बाकीच्या नळ्या काढल्या आणि एकेकीचं टोक बघितलं. काच दोन जातींची असते, कडक आणि मऊ. समोरून दोन्ही सारख्याच दिसतात. टोकाकडून उजेडात पाहिलं तर मऊ काचेची कड हिरवट दिसते. दोघींचा जोड गरम असताना बसतो, निवताना मात्र एक जास्त आकसते, एक कमी, आणि मग जोड टिकत नाही, कुणीही फुंको. कडक काचेच्या कप्प्यात मऊ नळ्यांची मोळी होती. कप्पे बाबाच लावत, दादाला हात लावायची मुभा नव्हती. बाबांनी ती मोळी उचलली आणि आवाज न करता शेजारच्या कप्प्यात ठेवली. वळले तेव्हा दारात चिमी. बराच वेळ, म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीच्या मानाने बराच वेळ, दोघं एकमेकांकडे बघत राहिली. "चहा ठेव तिथं," बाबा म्हणाले. तिने ठेवला.

बाबा गेले त्यालाही वीस वर्षं झाली. दादा दुसऱ्या शहरात, पासष्टीतही, दुकानांची आणि गोदामांची थंड करायची यंत्रं दुरुस्त करतो. सगळ्या घराण्यात गार करायचं काम मी एकट्यानेच पत्करलंय, असं तो म्हणतो. रविवारी त्याचा फोन येतो. बाई बऱ्याचदा कामात असतात. बाबांच्या शेवटच्या आजारपणात तो आला होता, पाय चेपत बसला होता, आणि बाबा छताकडे बघत काहीतरी बोलू बघत होते, आणि चिमी, जी तेव्हा नुकती बाई झाली होती, उशाशी उभी राहून मनात म्हणत होती, आता सांगतील, आता सांगतील. त्यांनी पाणी मागितलं. तेव्हाही चिमीने तोंड उघडलं नाही. वडिलांची चूक आपण कशी सांगायची, हे पहिल्यांदा वाटलं होतं, मग वाटलं आता इतक्या उशिरा कशाला, आणि मग वाटेनासंच झालं.

अकरा वाजून गेले होते. खोलीत उकडत होतं. बाईंनी संगणक लावला, लेखाची फाइल उघडली, ती बंद केली आणि तक्ता उघडला. तक्ता दुसऱ्या देशातल्या सहकाऱ्यांनी पाठवलेला, आकड्यांच्या उभ्या ओळी, पाचव्या ओळीत वेग, वजा दोनशे तीन. बाईंनी तो पन्नास वेळा पाहिला होता. वरचं रकान्याचं नाव त्यांनी कधी वाचलं नव्हतं, कारण वेगाच्या रकान्याचं नाव काय वाचायचं? आता त्यांनी चष्मा पुसून वाचलं. केंद्रापासून बाहेर जाणारा वेग, किलोमीटर दर सेकंदाला. बाहेर जाणारा, अधिक. मग वजा म्हणजे काय, हे पहिल्या वर्षात शिकवत नाहीत, दुसरीत शिकवतात. तरी त्यांनी मान्य केलं नाही. त्यांनी मूळ वर्णपट काढला, ज्यावरून कुणीतरी हे आकडे केले होते. पडद्यावर वरखाली होणारी एक रेघ आली. मधोमध एक तुटक उभी रेघ, दीर्घिका स्वतः जिथे आहे ती जागा. ढगाने खाल्लेल्या उजेडाचा खड्डा त्या उभ्या रेघेच्या डावीकडे असता तर ढग बाहेर निघालेला. खड्डा उजवीकडे होता. एखाद्या लहान मुलानेही सांगितलं असतं की उजवीकडे आहे. बाईंनी डोकं जरा तिरपं करून पाहिलं, खुर्ची मागे घेऊन पाहिलं. तो उजवीकडेच राहिला.

ढग बाहेर जात नव्हता. ढग घरी येत होता. कधीकाळी, कोट्यवधी वर्षांपूर्वी, विवराने त्याला फुंकून वेशीबाहेर काढलं असेल, तिथे तो निवला असेल, आणि आता दीर्घिकेच्या वजनाने सावकाश माघारी चालला होता, आतून वारा चालू असतानाही. बाईंच्या छातीत काहीतरी हललं, आणि ते लेख बुडाल्याचं दुःख आहे असं त्यांना आधी वाटलं. लेख बुडालाच होता. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं ते त्या खड्ड्याकडे बघून. थंड आणि निवांत. एकोणतीस वर्षं हे वाक्य त्या हळू आवाजात म्हणत आल्या होत्या, आणि या खोलीत कुणाला कधी निवांत बसू दिलं होतं त्यांनी? मनात त्या एकेकाला आठवू लागल्या. एक मुलगा होता, बोलताना अडखळायचा, त्याची वाक्यं बाईच पुरी करत, आणि चौथ्या वर्षी तो बँकेत लागला. एक मुलगी होती, फार हुशार, ती आता दुसऱ्या खंडात स्वतःचा गट चालवते आणि दर नव्या वर्षी शुभेच्छा पाठवते, दोन ओळींच्या. सगळे काही बुडाले नाहीत, बाई स्वतःला म्हणाल्या, उलट चांगले चाललेत. वारा आतल्या ताऱ्यांत घडलेलं लोखंड लांब लांब नेऊन टाकतो आणि ते दुसरीकडे कामी येतं, हेही खरंच आहे. वारा अजिबात नसता तर दीर्घिकेने सगळा वायू एका दमात ताऱ्यांवर उधळून टाकला असता, हेही खरं. हे सगळं खरं होतं आणि खड्डा उजवीकडे होता.

दुपार अशीच गेली. बाईंनी डबा उघडला आणि बंद केला. रकान्याचं नाव बदलून घ्यावं, सहकाऱ्यांना पत्र लिहावं, की तक्त्यात गोंधळ आहे, पुन्हा तपासतो. गोंधळ कुणाचा हे कुणी विचारत नाही. मुलीला खोलीत बोलवावं, दार लावावं, सांगावं. हे बरं होतं. हे रीतसर होतं. दोनदा त्यांनी फोनकडे हात नेला. पण त्यांना सारखी ती मोळी दिसत होती, एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात, आवाज न करता. बाबांनीही रीतसरच केलं होतं, त्या दिवसानंतर एकही काच चुकीची लागली नाही. तीन वाजता त्यांनी अर्जावर सही केली. मग त्या उठल्या आणि चहाच्या खोलीकडे निघाल्या, कारण तीनला सगळे तिथे असत.

बाई सहसा तिथे जात नसत. आत गेल्या तशा गप्पा थांबल्या. शेंडेफळ खिडकीपाशी होती, शेजारी नवी मुलगी, बाकी तेच सोमवारचे सातआठ जण, आणि बिस्किटांच्या डब्याशी कारकून. बाईंनी एक रिकामा कप उचलून धरला.

"तीन आठवड्यांपूर्वी," त्या म्हणाल्या, "तुम्हा सगळ्यांसमोर मी हिला शाळेत पाठवलं होतं. पाच नंबरच्या ढगावरून. आज मी मूळ वर्णपट बघितला. ढग आत येतोय. ही बरोबर होती, मी चूक होते. तक्त्याचा मथळासुद्धा मी वाचला नव्हता. शाळेत मी जायला हवं होतं."

कुणी हसलं नाही. कारकुनाच्या हातातलं बिस्कीट हातातच राहिलं.

"बाई, मी तेव्हा तेच..." शेंडेफळ म्हणाली आणि थांबली. थांबायची तिला सवय झाली होती.

"बोल ना," बाई म्हणाल्या. मग त्यांनी खरोखर वाट पाहिली. ती फार अवघड गेली. दोनदा त्यांच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं.

"मी तेव्हा तेच सांगत होते, की या तक्त्यात उलटं लिहिलंय. मी वर्णपट आणलाही होता. दगडाखाली होता." मुलीचा चेहरा लाल झाला होता. "मग आता लेख?"

"थांबला."

"पण त्यातला मुद्दाच गेला की."

"माझा गेला. तुझा आहे. तो लिहायचा की नाही, आणि कुणाबरोबर लिहायचा, ते तू ठरव. तुझ्या अर्जावर सही केलीय, टेबलावर आहे. न्यायचा तर ने."

मुलीने नव्या मुलीकडे पाहिलं, मग आपल्या कपात पाहिलं. "बघते," ती म्हणाली. बाईंना थोडी वेगळी आशा होती हे कबूल करायला हवं. पण बघते म्हणजे बघते. त्या रिकामा कप घेऊनच परत आल्या.

साडेतीनला दारावर टकटक झाली. शेंडेफळ आत आली, कागद छातीशी, आणि बसता बसता दगड काढून तिने कागदांवर ठेवला. मग तिच्या लक्षात आलं की कागद हलतच नाहीयेत. तिने वर पाहिलं. "पंखा बिघडलाय का?"

"नाही."

"उकडतंय, बाई."

"मग लाव की."

ती उठली, बटणापाशी गेली. "दोनवर ठेवू?"

"ठेव. आणि हे बघ, जिन्यात आवाज फार घुमतो बरं का." मुलीचा हात बटणावर तसाच थिजला. बाई वर्णपटात डोकं घालून होत्या. "वाक्य झकास होतं पण. व्याख्यानात घेणार आहे मी." पाठमोऱ्या मुलीचे खांदे हलू लागले, आणि ती रडतेय की हसतेय हे कळेपर्यंत बाईंनी श्वास धरून ठेवला. हसत होती. पंखा दोनवर कसा फिरतो हे बाई बहुधा पहिल्यांदाच बघत होत्या. पाती मोजता येत होती. मग मुलगी बोलू लागली, ढग किती जुना असेल, तो आत पोचेल तेव्हा त्याचे तारे होतील का, की विवर त्यालाही तापवील, आणि बाईंनी मध्ये फक्त दोनदा तोंड घातलं, त्यातलं एकदा चुकून. पावणेचारला कारकून आला. "तो अर्ज न्यायचा होता." अर्ज दोघींच्या मध्ये, सहीसकट पडला होता. शेंडेफळाने त्याच्याकडे पाहिलं आणि कारकुनाला विचारलं, "बैठक पुढच्या महिन्यातही असते ना?" असते, तो म्हणाला. "मग बघू पुढच्या महिन्यात," ती म्हणाली. बाईंना खिडकीबाहेर बघावं लागलं. समोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, ती त्यांनी लक्षपूर्वक पाहिली.

मुलगी गेली. पंखा चालू होता. बाईंनी फोन उचलला आणि दादाचा नंबर लावला. रविवार नव्हता, म्हणून त्याने उचलताच विचारलं, "काय झालं? बरी आहेस ना?" त्याच्या मागे कसलंतरी यंत्र धडधडत होतं.

"बरी आहे. दादा, एक सांगायचंय. तू कुठं आहेस?"

"गोदामात. थांब, हे बंद करतो." धडधड थांबली. "हं, बोल चिमे."

"ती काच तुझ्यामुळे फुटली नव्हती."

 बाई घाईघाईने बोलू लागल्या, सगळी वाक्यं एकदम, नळी मऊ काचेची होती, मोळीच चुकीच्या कप्प्यात होती, बाबांनीच ठेवली होती, दुसऱ्या दिवशी त्यांना कळलं, त्यांनी ती हलवली, मी दारात होते, मी पाहिलं.

"ठाऊक आहे मला," दादा म्हणाला.

"काय?"

"ज्योतीत धरली तेव्हाच ती नळी लवकर लवली. कडक काच अशी लवत नाही गं. मला वाटलं थांबावं, पण गिऱ्हाईक यायचं होतं आणि बाबा घाई करत होते. मग गिऱ्हाइकासमोर त्यांना कसं म्हणणार, की कप्पा तुम्ही चुकलात? म्हटलं, सांगतील दोन दिवसांनी स्वतःच. पंधरा दिवस वाट बघितली."

"आणि मग?"

"मग काय, गेलो. तू चहा घेऊन गेलेली मी अंगणातून बघितली होती. बाहेर आलीस ती पांढरीफटक. म्हटलं, हिला कळलंय. म्हटलं, ही सांगेल." यंत्राचं झाकण लावल्याचा आवाज आला. "रविवारी फोन करतो तो काय हवापाण्यासाठी?"

 सेहेचाळीस वर्षांचे रविवार, आणि त्यातले किती त्यांनी कामात आहे म्हणून तोडले होते. "दादा," त्या कशाबशा म्हणाल्या, "चुकलं माझं."

"ते राहू दे. ते मघाचं पुन्हा सांग."

"कुठलं?"

"पहिलं. काचेचं."

"ऐकू आलं नाही का? यंत्र तर बंद होतं."

"आलं की," दादा म्हणाला. "तरी सांग."

बाईंनी पुन्हा सांगितलं.